हबीबचे ब्रेक

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. जाफराबादेत चार माणसं बसली आणि जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मी उठून चपला शोधायला लागायचो. नानांना गाड्यांचा कंटाळा आहे, असं घरातले सांगत. कंटाळा कसला? भीती होती. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं. भीती कमी झाली असं नाही, पण यंदाच्या नवरात्रात तिच्याहून राग मोठा झाला, आणि मी वही घेऊन बसलो.

रागाला निमित्त झाला माझा पुतण्या संदीप. तो पुण्याला नोकरी करतो. त्यानं यंदा जुनी गाडी घेतली, हायब्रीड. तिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. कधी हे चालतं, कधी ती, आणि आतल्या माणसाला पत्ता लागत नाही. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी, पण संदीप तिला लहान लेकरासारखी जपतो. मागच्या सीटच्या बगलेला बॅटरीला वारा देणारी एक जाळी असते. ती काढून जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करतो. समोरच्या काचेखाली एखादा दिवा लागला की औरंगाबादच्या मिस्त्रीला फोन लावतो. अंगणातून ती गाडी आवाज न करता निघते तेव्हा कोंबड्यासुद्धा बाजूला होत नाहीत. मला ती गाडी आवडली. दोन गोष्टींवर चालणारी गाडी मीही सांभाळलेली आहे. तिची आठवण कुणाला नाही, एवढंच.

खंडेनवमीच्या सकाळी संदीप गाडी धूत होता. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, शिवणयंत्र, मोटारपंप, ट्रॅक्टर, जे जे हातानं चालतं आणि पोट चालवतं ते सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतात. झेंडूच्या माळा ओवून तयार होत्या. बाहेर सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं आणि त्याचा भुसा ओल्या टपावर येऊन बसत होता. संदीपनं समोरचं झाकण उघडलं, डिझेलात बुडवलेलं फडकं घेतलं आणि इंजिनच्या कडेकडेनं पुसत पुसत त्याचा हात ब्रेकच्या तेलाच्या डबीकडे गेला. तिचं टोपण त्यानं फिरवलं, आणि मी ओरडलो. माझा आवाज इतका चढला की संदीपची बायको स्वयंपाकघरातून पळत आली. संदीप हसला. म्हणाला, "काका, असं काय करून राह्यले? हे काय हबीबचे ब्रेक हायेत का?"

शेजारचे दोघे कुंपणाशी उभे होते, तेही हसले.

मी पुढं सांगणार आहे त्या दसऱ्यानंतर पाच-सहा वर्षांनी संदीपचा जन्म झाला. हबीब मिस्त्रीला त्यानं पाहिलेलं नाही. पण ते शब्द त्याला ठाऊक आहेत, कारण आमच्या भागात ते बोलण्यात रुळून गेलेत. ऐन लग्नात वीज गेली, हबीबचे ब्रेक. निवडणुकीत भरवशाचा माणूस पडला, हबीबचे ब्रेक. एका माणसाचं नाव घ्यायचं, त्याच्या आयुष्यभराच्या कामाची थट्टा करायची, आणि तो कोण होता हे विचारायचंही नाही. मला संताप आला. कुंपणावरच्या त्या दोघांना घालवून द्यावंसं वाटलं. पण मीच आत निघून गेलो. ही थट्टा गावानं केली असली तरी तिचं बी माझ्या हातचं आहे.

साल सत्त्याऐंशी. तेव्हा सोयाबीन आमच्याकडे आलेलं नव्हतं. आश्विनात शिवार पांढरं व्हायचं ते कापसानं. सकाळी दव असायचं, दहा वाजता पाठ भाजायची, आणि वेचणीच्या बाया ओटीत कापूस घेऊन वाकून चालल्या की लांबून वाटायचं सगळ्यांनी एकदम काहीतरी जड उचललंय. जाफराबाद ते भोकरदन एस. टी. होती, पण ती भरली की थांबत नसे. मधल्या गावांतल्या माणसांनी काय करायचं? म्हणून मी जीप घेतली.

जीप लष्कराच्या लिलावातून आलेली, माझ्या आधी तीन मालकांनी वापरलेली. किती पळाली होती ते देव जाणे, कारण किलोमीटरचा आकडा पूर्वीच कधीतरी थांबला होता. पेट्रोलवर ती इतकी पिणारी की भाड्याला लावणं अशक्य. त्यावर हबीब मिस्त्रीनं तोड काढली. डाव्या सीटखाली त्यानं दुसरी छोटी टाकी बसवली आणि दोन्ही टाक्यांच्या नळ्या एका पितळी तोटीला जोडल्या. सकाळी तोटी पेट्रोलकडे ठेवून गाडी चालू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवायची. मग दिवसभर गाडी रॉकेलवर. घरी येताना वेशीपासून पुन्हा पेट्रोलवर आणायची, म्हणजे सकाळी अडत नाही. काळा धूर निघायचा. माझ्या सदऱ्याला, बायकोच्या लुगड्याला, पोरींच्या दप्तरांना रॉकेलचा वास. ते रॉकेल रेशनचं होतं, हेही इथंच लिहून टाकतो. कुणाच्या तरी कंदिलाच्या वाट्याचं होतं ते. सगळेच करत होते, हे खरं. पण सगळे करत होते म्हणून ते बरोबर ठरत नाही. इतकं कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

हबीबचं दुकान म्हणजे भोकरदन रस्त्यावरचं एक कडुनिंबाचं झाड आणि त्याच्याखाली खणलेला खड्डा. खड्ड्यावर गाडी घ्यायची, खाली तो उतरणार. अंगानं बारीक, डाव्या भुवईला जुन्या जखमेची खूण. मोठ्या पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून तो डोळे मिटायचा, आणि आत कुठला तुकडा कुरकुरतोय ते सांगायचा. घरी ते लोक उर्दू बोलत. आमच्याशी आमच्यासारखंच बोले, मधेच 'बराबर' आणि 'बिलकुल' घालून. मला 'दिगंबरभाऊ' म्हणायचा. मी त्याला 'अरे हबीब' म्हणायचो. वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. हेही आज लिहिताना टोचतं.

त्याची एक रीत होती. ब्रेकचं काम केलेली गाडी तो कधी सरळ मालकाच्या हातात देत नसे. आधी स्वतः चालवत पूर्णेच्या पुलाकडे उतरणाऱ्या उतारावर न्यायचा. मालकाला शेजारी बसवायचं, उतारावर गाडी सोडायची आणि अर्ध्यात दाबून उभी करायची. "पहिला उतार माझा," म्हणायचा. "धोका असला तर मला आधी कळू द्या." दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला असं करताना मी पाहिलं नाही. आज सर्व्हिस सेंटरमधली पोरं गाडीची किल्ली खिडकीतून देतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात.

त्या नवरात्रात, आठव्या माळेला, त्यानं माझ्या जीपचे ब्रेक केले. आतले सगळे रबरी वॉशर नवे घातले, नवं तेल भरलं, चाकाचाकाशी ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढली. मग उतारावर नेली. मी शेजारी होतो. अर्ध्या उतारात त्यानं पाय दाबला आणि जीप खुंटी ठोकल्यासारखी उभी राहिली. उतरताना मला म्हणाला, "दोन दिस चालवा. दसऱ्यानंतर आणा, मी पुन्हा हवा काढून देतो. तोवर डबीला हात लावू नका. बिलकुल न्हाई."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. उतारावर जीप थांबली तेव्हा मी त्यात बसलो होतो. पुढचं वाचताना हे दोन्ही लक्षात असू द्या.

खंडेनवमीला मी जीप धुवायला काढली. मला स्वच्छतेची फार हौस. लोक म्हणायचे, दिगंबरची जीप आतून नवरीसारखी असते. टप धुतला, चाकं धुतली, इंजिन पुसलं. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं पत्र्याचं झाकण काढलं. त्या जीपला ब्रेकच्या तेलाची डबी तिथं खाली असायची. टोपण उघडून बघितलं तर तळाशी थोडा काळा गाळ. जुन्या नळ्यांतून आला असणार. हबीबला तो माहीत होता, म्हणूनच दसऱ्यानंतर पुन्हा ये म्हणाला होता. पण मला तो बघवेना. पूजेची गाडी आणि ब्रेकमध्ये घाण?

आता कळावं म्हणून सांगतो. रॉकेल आमच्या घरात पाण्याच्या खालोखाल लागायचं. सायकलची साखळी रॉकेलनं धुवायची. विहिरीवरच्या इंजिनचे भाग रॉकेलात बुडवून ठेवायचे. ग्रीसचे हात रॉकेलनं चोळायचे. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या तर केसांनासुद्धा तेच. रॉकेल लागलं की स्वच्छ झालं, ही आमची समजूत इतकी पक्की होती की तिच्यावर विचार करायची कधी वेळ आली नाही. रबराला रॉकेल चालत नाही, ते फुगतं, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. पण 'हात लावू नका' हे तर ठाऊक होतं ना?

मी डबीतलं तेल फडक्यानं टिपून काढलं आणि रॉकेल ओतलं. सुमनला, माझ्या बायकोला, हाक मारली. ती झेंडूच्या माळा टाकून आली, ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी चाकाशी पाना घेऊन बसलो. हबीब हवा काढतो ते शंभरदा बघितलेलं. "दाब," मी म्हणायचो, ती पाय दाबायची, मी हवा काढायचं निपल सैल करायचो, काळं रॉकेल पिचकारीसारखं बाहेर पडायचं. "सोड." पुन्हा "दाब." चारही चाकं. सुमन हसत म्हणाली, "आता मला मिस्त्रीण म्हणा." शेवटी स्वच्छ रॉकेल यायला लागलं. मग त्यात ब्रेकचं तेल भरलं, टोपण लावलं. नळ्यांत किती रॉकेल राहिलं, वॉशरनं किती प्यालं, ते मला कुठं दिसणार होतं? गाडीला हळदीकुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. त्या दिवशी माझ्यासारखा समाधानी माणूस तालुक्यात नसेल.

दसऱ्याला दुपारी भोकरदनकडून भरून निघालो. आपल्या गावच्या सीमोल्लंघनाला पोचायचं म्हणून सगळ्यांना जल्दी. एकूण चौदा माणसं, त्यात दोन मागच्या पायरीवर. सकाळपासून जीप जड चालत होती. ब्रेक धरून ठेवल्यासारखे वाटत होते. मला वाटलं, वा, काय घट्ट झालेत. शेंगा-फुटाणे विकणारी गोदाक्का माझ्या मागं बसली होती, टोपली मांडीवर. ती म्हणाली, "अरे दिगंबर, काहीतरी जळून राह्यलंय." मी म्हणालो, "आक्का, तुझ्याच शेंगा असतील." सगळे हसले. जळत होती ती चाकं होती : फुगलेल्या रबरानं ब्रेक सुटत नव्हते, आणि त्या तापानं नळ्यांतलं रॉकेल उकळत होतं. तिथं थांबलो असतो, खाली उतरून एका चाकाला हात लावला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. एका हशासाठी मी थांबलो नाही.

पूर्णेच्या उतारावर पाय दाबला तर तो तळाला टेकला. पुन्हा दाबला, खाली काहीच नाही. पुलावर समोरून बैलगाड्या येत होत्या. मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं. जीप रस्त्याच्या कडेवरून कापसाच्या रानात शिरली, थोडी धावली आणि आडवी झाली. कापसाच्या झाडांनी माणसं झेलली म्हणायची. कुणी गेलं नाही. खरचटलं, दोघांचे दात पडले. आणि गोदाक्काचा पाय जीपच्या टपाच्या लोखंडी नळीखाली गुडघ्यात मोडला. पांढऱ्या बोंडांत तिच्या शेंगा पसरल्या होत्या. माणसं धावली, पाच-सहा जणांनी जीप उचलली, तिला बाजेवर घातली. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आणि कुणीतरी मला धरून हलवत विचारलं, काय झालं?

मी म्हणालो, "ब्रेक गेले. परवाच हबीबकडून करून आणल्ते."

या वाक्यातला एक शब्द खोटा नाही. ब्रेक गेले होते. परवाच केले होते. हबीबनंच केले होते. मी खोटं बोललो नाही, हे मी स्वतःला पुढं कित्येक वर्षं सांगत राहिलो. ते वाक्य संध्याकाळपर्यंत जाफराबादेत पोचलं आणि सोनं वाटता वाटता घरोघरी गेलं. पंचनाम्यात 'ब्रेक निकामी' असं आलं. पायरीवर दोन माणसं उभी होती हे कुणी विचारलं नाही, आणि काल गाडीला कुणी हात लावला होता का, हेही नाही. गावाला निकाल लावायला एक संध्याकाळ पुरली. त्याचा मला आजही राग येतो. एवढी लिहितीवाचती माणसं, एवढे गाड्या चालवणारे. रोज ज्याच्या हातावर भरवसा ठेवून उतार उतरत होते त्याला कुणी एक प्रश्न विचारू नये?

फक्त गोदाक्का. पाय प्लास्टरात, खाटेवर पडलेली. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, "मिस्त्रीचा हात असा न्हाई रे. बघ तू नीट. काहीतरी दुसरं असंल." जिचा पाय मोडला ती बाई तेवढी न्यायानं बोलली. तिच्या खाटेशी बसून मी मान हलवली आणि तिच्या पोरीच्या अभ्यासाचं काहीतरी विचारलं. तो पाय पुढं सरळ झालाच नाही. मरेपर्यंत ती बाजारात काठी टेकत यायची.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून जीप हबीबच्या झाडाखाली आणली. मी त्याच्याकडे का नेली? दुसरीकडे नेली असती तर दुसऱ्या मिस्त्रीनं वास घेऊन चार लोकांत सांगितलं असतं, एवढं मला तोवर उमगलं होतं. म्हणजे ज्याला बुडवलं त्याच्याच चांगुलपणावर मी पुन्हा भरवसा ठेवला.

झाडाखाली आम्ही दोघंच होतो. त्यानं सगळं उघडलं. एकेक वॉशर काढून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला आणि शेजारी एक कोरा वॉशर ठेवला. जुने फुगून दीडपट झालेले, मऊ पडलेले, भिजलेल्या भाकरीसारखे. त्यानं एक उचलून नाकाला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दिगंबरभाऊ, याला राकेलचा वास येऊन राह्यला."

त्यानं आरोप केला नाही. मला जागा करून दिली होती त्यानं. मी एवढंच म्हणायचं होतं की हो, मी धुतले.

मी म्हणालो, "तुझ्याच हाताचा असंल. दिवसभर राकेलातच तर असतो तुझा हात."

"वॉशर मी राकेलात कधी घालत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग ते सगळे फुगलेले वॉशर कागदात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "तुमच्याजवळ ठेवा."

पुरावा त्यानं माझ्या हवाली केला. तो चौकात नेऊन दाखवू शकला असता. दुसऱ्या मिस्त्र्यांना बोलावू शकला असता. त्याऐवजी तो कागद मला दिला. का, याचा विचार मी इतकी वर्षं करतोय. मला वाटतं, मी तो घरी नेईन, बघेन, आणि दोन दिवसांनी स्वतःहून बोलेन, असा त्याचा अंदाज होता. माझ्याविषयी त्याचं मत इतकं चांगलं होतं. मी तो कागद संध्याकाळी पुलावरून पूर्णेत टाकला.

सुमननं मला एकदाच विचारलं. भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता. "तुम्ही सांगणार का मी सांगू?" मी म्हणालो, लायसन्स जाईल, चौदा माणसं बसवली म्हणून केस होईल, पोरींचं कसं व्हायचं, घर मोडायचंय का तुला? तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापासून ती कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसली नाही. माझं तोंड मी बंद केलं ते केलंच, तिचंही केलं. तिच्या पायानं दाबलेलं होतं ना ते. तिला काय वाटत असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

कोजागिरीच्या आसपासची गोष्ट. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही सहा-सात जण होतो. किसनराव म्हणून एक कापसाचे अडते होते. पूर्वी सरपंचही होते. शब्दाला वजन. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "काय हो, सणाच्या दिवशीच बराबर कसे गेले ब्रेक? न्हाई म्हणजे, आपला सण आन् त्यांचा मिस्त्री." मग बशी तोंडाला लावली. पुढं बोलायची गरजही नव्हती. दोघं-तिघं माना हलवत राहिले. ज्यांनी जन्मभर हबीबच्या हातून दसऱ्याचं सोनं घेतलं होतं, ईदेला त्याच्या घरी शिरखुर्मा खाल्ला होता, ती माणसं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण जीप माझी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यालो.

किसनरावांवर मी मनातल्या मनात फार रागावलो आहे. त्यांच्या नावानं आता एका कमानीला पाटी आहे. तिच्याखालून जाताना माझं डोकं तापतं. पण तो माणूस निदान अज्ञानात बोलला. मी जाणून गप्प बसलो. त्या हॉटेलात सर्वांत वाईट माणूस कोण होता, याचा हिशेब सोपा आहे.

हबीबकडे ब्रेकचं काम येईना. मग दुसरंही येईना. लोक गाडी दाखवायला आणत, आणि तो खड्ड्यात उतरला की वरून हसत विचारत, मिस्त्री, ब्रेकला हात न्हाई ना लावला? पहिला उतार स्वतः उतरणाऱ्या माणसाला हे विचारत. दोन वर्षं त्यानं काढली. मग कडुनिंबाखालचा खड्डा मुरमानं बुजवून, बायकोचा भाऊ परतूरला होता तिकडे निघून गेला. तो जाताना मी भोकरदनला भाड्यावर होतो, असं सांगायची मला सवय आहे. भोकरदनला नव्हतो. घरात होतो.

जीप मी त्यानंतर सात वर्षं चालवली. दर आश्विनात, कापूस फुटला आणि उन्हाला तो कोरडा वास यायला लागला की माझा उजवा पाय रात्रंदिवस काहीतरी दाबत असल्यासारखा दुखायचा. डॉक्टर म्हणाले वात आहे. गोळ्या घेतल्या. पुढं काळ्या-पिवळ्या डिझेल जीपा आल्या, रॉकेलच्या गाड्या गेल्या, मी धंदा सोडला. लोक हबीबला विसरले, फक्त थट्टा तेवढी राहिली.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला, दिवाळीच्या आधी, सुमन म्हणाली, "आता तर पोरींची लग्नं झाली. लायसन्सही न्हाई तुमच्याकडं. जाऊन या." जालन्याहून रेल्वेनं परतूरला गेलो. डब्यात खिडकीशी बसून वाक्यं जुळवली. कापसाची शेतं मागं जात होती आणि मी ओठ हलवत होतो. समोरच्या बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

मोंढा-बाजाराच्या वाटेवर एका टपरीसमोर तो बसला होता. पुढं पाण्याची पाटी, हातात सायकलची ट्यूब. दाढी पांढरी. मला बघून लगेच उठला. "दिगंबरभाऊ? या, या. बसा." स्वतःच्या बैठकीवरचं पोतं झटकून मला दिलं, चहा मागवला. पोरींची चौकशी केली, नावं घेऊन. मग विचारलं, "गोदाक्काचा पाय कसा हाय?" मी सांगितलं, ती वारली. त्यानं ट्यूब खाली ठेवली आणि मान खाली घातली. तिच्यासाठी तो असा बसला होता, आणि मी चहाचा कप धरून ओठ हलवायची तयारी करत होतो.

पण तोंडून निघालं ते भलतंच. मी विचारलं, "ब्रेकचं काम करतोस का अजून?"

"न्हाई," तो म्हणाला. "ब्रेकला हात लावत न्हाई आता. पंक्चर बराय. चुकलं तर नुसती हवाच जाते." आणि हसला. त्या हसण्यात कडवटपणा असता तर मी वाचलो असतो. नव्हता. मग एक सायकलवाला आला. हबीबनं त्याचं चाक फिरवून बघितलं, कान जवळ नेऊन, डोळे मिटून, पूर्वीसारखं. मी तिथं अर्धा तास आणखी बसलो. भाव, पाऊस, गुडघेदुखी, सगळं बोललो. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

घरी आलो तेव्हा सुमन ओसरीवर गहू निवडत होती. विचारलं, "सांगितलं?"

मी म्हणालो, "हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि रडली. मग उठून चहा केला. पुढच्या खेपेला ती संदीपच्या वडिलांच्या गाडीत, कुणी न सांगता, पुढं बसली. अशी ती आणखी सहा वर्षं जगली, आणि मी सांगितलं आहे असं समजून गेली. तिच्या आधी वर्षभर हबीब गेल्याचं परतूरच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं होतं. ते मी तिला सांगितलं, आणि तिनं म्हटलं, बरं झालं तुम्ही वेळेत जाऊन आलात.

संदीप, तू हे वाचशील. त्या दिवशी तू हसलास म्हणून मी तुझ्यावर चिडलो, पण तुझा दोष नाही. ज्यानं तुला ती थट्टा शिकवली त्यालाही कुणीतरी शिकवलेली होती, आणि मागं मागं गेलं तर शेवटी मी सापडतो. यापुढं तुझ्यासमोर कुणी ती म्हण म्हटली तर त्याला हे वाचायला दे. कुंपणावरच्या त्या दोघांनाही दे.

परतूरच्या गाडीत जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती अशी होती :

हबीबभाई, ब्रेक मी धुतले होते. खंडेनवमीला, माझ्या अंगणात, राकेलनं. तुम्ही नको म्हणून सांगितलं होतं, तरी धुतले. तुम्ही वॉशर नाकाला लावून माझ्याकडं बघितलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि तरी तुमच्याच हाताचा वास म्हणालो. तुमचा हात स्वच्छ होता. हे मी आधी तुम्हाला सांगतो आणि मग जाफराबादला जाऊन चौकात सांगतो, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. मला माफ करा.